पगार दिला म्हणजे देणं फिटलं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सैन्य पाठवणं आणि परत बोलावणं हा सरकारचा अधिकार. मग सैन्य निघून आल्यावर तिथे मागे राहिलेल्या माणसांना आपल्या देशात आणून वसवण्याचं बंधन कुठून येतं? ती माणसं पगार घेऊनच काम करत होती ना? आणि हे बंधन एकदा मान्य केलं, तर ते थांबायचं कुठे, आणि किती वर्षं चालायचं?

मी वीसेक वर्षं निर्वासितांच्या पुनर्वसनाची प्रकरणं हाताळते आहे. त्यातला मोठा भाग इराकी आणि अफगाण अर्जदारांच्या फायलींत गेला. त्यामुळे माझं उत्तर तटस्थ असणार नाही. हे बंधन आहे, असं मी मानते. दयेपोटी येणारं कर्तव्य मी म्हणत नाही. मी बोलते आहे ते अंगावर असलेल्या देण्याबद्दल.

पगाराच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण तोच सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे. दुभाषी नेमकं काय करतो, ते आधी बघा. तो गस्तीबरोबर गावात शिरतो. बहुतेक वेळा त्याच्या हातात शस्त्र नसतं. परक्या अधिकाऱ्याचा हुकूम तो आपल्याच लोकांना त्यांच्याच भाषेत सांगतो. "हे घर उघडा," "हा मुलगा कोण?" ही वाक्यं गावाला त्याच्या आवाजात ऐकू येतात. परका सैनिक सहा महिन्यांनी किंवा वर्षाने घरी जातो, नवी तुकडी येते, दुभाषी तोच राहतो. पाच-सहा वर्षांत पन्नास गावांना त्याचा चेहरा पाठ झालेला असतो. पगार मिळतो तो त्या दिवसाच्या कामाचा. सैन्य निघून गेल्यावर त्या पन्नास गावांत उरणारा धोका कुठल्याच पगारपत्रकात धरलेला नसतो. सैन्य तिथे आहे तोवर तेच त्याची ढाल असतं, म्हणून तो तो धोका पत्करतो. ढाल काढून घेण्याचा निर्णय त्याला विचारून होत नाही.

आता सैनिकाकडे बघा. त्यालाही पगार मिळतो. तो जखमी झाला तर "पगार दिला होता, आता तुझं तू बघ" असं कुठलं सरकार उघडपणे म्हणेल? त्याला उचलून आणतात, उपचार देतात, निवृत्तिवेतन देतात, आणि तो मेला तर कुटुंबाकडे बघतात. दुभाष्याने तीच गस्त घातली, तोच भूसुरुंग टाळला किंवा नाही टाळला. दोघांत फरक फक्त पासपोर्टच्या रंगाचा. चाकराने खाल्ल्या मिठाला जागावं, अशी अपेक्षा आपण बिनदिक्कत करतो. ज्याने मीठ घातलं, त्याच्याकडूनही काही अपेक्षा असते की नाही?

कायदा इथे फारशी मदत करत नाही, हे स्पष्ट सांगते, कारण पुष्कळ लोक निर्वासितांच्या १९५१ च्या कराराकडे बोट दाखवतात. त्या कराराचं ३३ वं कलम सांगतं, की ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला त्या धोक्याच्या तोंडी परत पाठवू नका. म्हणजे माणूस तुमच्या सीमेपर्यंत पोचला तर त्याला ढकलता येत नाही. त्याला तिथून उचलून आणा, असं मात्र कुठलंच कलम म्हणत नाही. पुनर्वसन ही कायद्याच्या नजरेत देशाने स्वखुशीने दिलेली जागा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या नोंदींतल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्क्याहूनही कमी लोकांना अशी जागा मिळते. तेव्हा सैन्य माघारीनंतरच्या माणसांचं ओझं कायद्याने कुणावरच टाकलेलं नाही. म्हणूनच प्रश्न नैतिकतेचा होतो आणि म्हणूनच सरकारांना काखा वर करणं इतकं सोपं जातं.

त्या काखा वर केल्या की काय होतं, याचं सर्वांत उघडं उदाहरण अल्जीरियाचं आहे. स्वातंत्र्ययुद्धात लाखो अल्जीरियन मुसलमान वेगवेगळ्या साहाय्यक पथकांतून फ्रेंच सैन्याच्या बाजूने लढले. त्यांना 'हार्की' म्हणतात. १८ मार्च १९६२ ला युद्ध थांबवणारा एव्हियां करार झाला, ५ जुलैला अल्जीरिया स्वतंत्र झाला. हार्कींना घरी जायला सांगून त्यांच्याकडची शस्त्रं काढून घेतली गेली. सूड घेतला जाणार नाही, असं करारात लिहिलेलं होतं. तो घेतला गेला. किती मारले गेले याबद्दल इतिहासकारांत अजून वाद आहे, पण आकडा हजारोंत आहे यावर नाही. आणि मे १९६२ मध्ये, म्हणजे हे सगळं समोर दिसत असताना, अल्जीरियाच्या प्रश्नाचे मंत्री लुई जोक्स यांनी आदेश दिला, की अधिकाऱ्यांनी सरकारी योजनेबाहेर हार्कींना फ्रान्सला आणू नये आणि आणणाऱ्यांवर कारवाई होईल.

काही अधिकाऱ्यांनी तो आदेश मोडला. आपल्या पथकातल्या माणसांना आणि त्यांच्या बायकामुलांना त्यांनी जहाजांवर चढवलं. या प्रश्नावर विचार करताना मला नेहमी तेच अधिकारी आठवतात. नैतिक कर्तव्य म्हणजे काय, याची व्याख्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. त्यांना नावं माहीत होती, एवढंच. कोण कुठल्या रात्री त्यांच्या शेजारी उभा होता हे माहीत होतं. पॅरिसमधल्या मंत्रालयाला फक्त संख्या दिसत होती.

जे फ्रान्सला पोचले त्यांचं काय झालं, हा त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आणि तोही तितकाच महत्त्वाचा. त्यांना रिव्हसाल्त, बियास, सां-मोरिस-लार्दुआझ अशा छावण्यांत ठेवलं. तारेची कुंपणं, येण्याजाण्यावर बंधनं. काही कुटुंबं तिथे दहा-बारा वर्षं राहिली, मुलं तिथेच जन्मली. १९७५ मध्ये मुलांनी बंड केलं तेव्हा कुठे बियास आणि सां-मोरिसच्या छावण्या बंद होऊ लागल्या. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी क्षमा मागितली ती सप्टेंबर २०२१ मध्ये, भरपाईचा कायदा झाला फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने बियास छावणीत वाढलेल्यांच्या बाजूने निकाल देताना ती भरपाईही अपुरी ठरवली. साठ वर्षं. माणसं आणली म्हणजे कर्तव्य संपलं, असं समजणाऱ्यांनी या साठ वर्षांचा हिशोब करून बघावा.

माझ्या कामातून शिकलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेबद्दलची आहे. हे देणं माघारीच्या दिवशी जन्माला येत नाही. ज्या दिवशी त्या माणसाला कामावर घेतलं, त्याच दिवशी ते जन्मलेलं असतं. माघारीच्या दिवशी फक्त वसुलीची तारीख येते. ही गोष्ट सरकारांनी मानली असती, तर काबूलच्या विमानतळाबाहेरच्या गटारात उभं राहून कागद उंचावणारी माणसं आपल्याला बघावी लागली नसती.

तारखा बघा. अमेरिका आणि तालिबान यांचा दोहा करार २९ फेब्रुवारी २०२० चा. १४ महिन्यांत सगळं परदेशी सैन्य निघणार, हे त्या दिवशी लिहून दिलं गेलं. प्रसिद्ध झालेल्या करारात ५००० पर्यंत तालिबान कैद्यांच्या सुटकेची तरतूद आहे. वीस वर्षं बरोबर काम केलेल्या अफगाणांच्या सुरक्षेसाठी त्यात एकही कलम नाही. मग १४ एप्रिल २०२१ ला अंतिम माघारीची घोषणा झाली. अमेरिकेसाठी काम केलेल्यांना मिळणाऱ्या विशेष व्हिसाच्या अर्जदारांना घेऊन पहिलं विमान अमेरिकेत उतरलं ते जुलैच्या अगदी शेवटी. २ ऑगस्टला आणखी एका गटासाठी वेगळी वाट जाहीर झाली, पण तिची अट अशी, की अर्जदाराने आधी स्वतःच्या हिमतीवर तिसऱ्या देशात पोचायचं आणि तिथे वर्षभर थांबायचं. या घोषणेनंतर तेरा दिवसांनी काबूल पडलं. नंतरच्या दोन आठवड्यांत अमेरिका आणि मित्रदेशांनी १ लाख २० हजारांहून जास्त लोक विमानांनी बाहेर काढले. वैमानिकांनी, सैनिकांनी, कागद तपासणाऱ्यांनी जिवाचं रान केलं, हे खरंच. पण २६ ऑगस्टला काबूल विमानतळाच्या ॲबी गेट या फाटकापाशी बॉम्बस्फोट झाला. त्यात १३ अमेरिकी जवान आणि सुमारे १७० अफगाण माणसं गेली. फाटकापाशी जमण्यावाचून त्यांना दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता.

दुसरा रस्ता असतो हे सिद्ध झालेलं आहे. डेन्मार्कने २००७ मध्ये इराकमधल्या बसऱ्याहून आपलं पथक मागे घेतलं, त्याआधी जुलैमध्ये गाजावाजा न करता इराकी दुभाषी आणि त्यांची कुटुंबं, असे सुमारे २०० जण विमानाने डेन्मार्कला नेले. आधी ती माणसं, मग सैन्य. संख्या लहान होती म्हणून जमलं, असं कुणी म्हणेल. मग १९९६ बघा. सद्दामचं सैन्य उत्तर इराकमध्ये शिरल्यावर अमेरिकेने आपल्या संस्थांसाठी काम करणाऱ्या कुर्दांना आणि इतरांना, एकूण ६,६०० च्या आसपास लोकांना, तुर्कस्तानमार्गे ग्वाम बेटावर नेलं. छाननी, वैद्यकीय तपासणी, मुलाखती, सगळं तिथे झालं. म्हणजे माणूस आधी सुरक्षित जागी आणि कागद नंतर. २०२१ च्या वसंतात कित्येक माजी सैनिक आणि आमच्यासारखे लोक नेमकं हेच सांगत होते: ग्वामला न्या. हे करता येतं, हे अमेरिकेला ठाऊक होतं. तिनेच ते आधी करून दाखवलं होतं.

कागदांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नैतिक प्रश्न म्हणून ज्याची चर्चा होते, तो माझ्या टेबलावर कागद बनूनच येतो.

अमेरिकेचा अफगाणांसाठीचा विशेष व्हिसा २००९ च्या कायद्याने सुरू झाला. इराकींसाठीचा त्याच्या आधी, २००८ च्या कायद्याने. प्रक्रियेचे टप्पे चौदा. सरकारच्या हातातलं काम नऊ महिन्यांत व्हावं, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात वर्षामागून वर्षं जातात. दोन कागद सर्वांत कळीचे: नोकरी केल्याचं पत्र आणि वरिष्ठ अधिकाऱ्याचं शिफारसपत्र. आता विचार करा. माणसाने २०१० मध्ये एका उपकंत्राटदाराकडे काम केलं. ती कंपनी बंद पडली. ज्या कॅप्टनने त्याला ओळखलं तो सैन्य सोडून गेला, त्याचा सरकारी ईमेल त्याच दिवशी मेला. दुभाष्याला कॅप्टनचं पूर्ण नावही ठाऊक नसतं, कारण सगळे त्याला टोपणनावानेच हाक मारत. माझ्या एका अर्जदाराकडे पुरावा म्हणून एक फोटो होता. त्यात आठ सैनिक आणि मधोमध तो. त्या आठांपैकी एकाला शोधायला आम्हाला अकरा महिने लागले. सापडल्यावर त्या माणसाने त्याच रात्री पत्र लिहून दिलं आणि फोनवर तो बराच वेळ काही बोलूच शकला नाही.

आणि मग ऑगस्ट २०२१ आला. तालिबान शहरात शिरल्यावर लोकांनी काय केलं? प्रशस्तिपत्रकं, ओळखपत्रं, सैनिकांबरोबरचे फोटो जाळले, जमिनीत पुरले, आडात टाकले. झडतीत तो कागद सापडणं म्हणजे मरण. काही महिन्यांनी त्याच लोकांना व्हिसाच्या कार्यालयातून पत्र आलं, की मूळ प्रशस्तिपत्रकाची प्रत जोडा. जगायचं तर कागद जाळा आणि सुटायचं तर तोच कागद दाखवा. जे देणं लागतात त्यांनी पुराव्याचं सगळं ओझं घेणेकऱ्यावर टाकलं होतं. पगाराची नोंद कुणाकडे होती? ज्यांनी पगार दिला त्यांच्याकडे. ती शोधून काढणं हे सरकारचं काम असायला हवं होतं, तळघरात लपलेल्या माणसाचं नाही.

ब्रिटनमध्ये तर नोंदी ठेवणाऱ्यांकडूनच घात झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातल्या एका चुकीमुळे आश्रयासाठी अर्ज केलेल्या जवळपास १९ हजार अफगाणांची माहिती बाहेर गेली. न्यायालयाच्या आदेशाने ही बातमी दाबून ठेवलेली होती आणि ती लोकांना कळली जुलै २०२५ मध्ये. ज्यांची नावं फुटली त्यांना मधली वर्षं त्याचा पत्ता नव्हता. मदत मागितली म्हणून ज्यांचा धोका वाढला, त्यांचं देणं दुप्पट झालं असं मी म्हणेन.

आता 'थांबायचं कुठे' हा तुमचा प्रश्न. तो खोडसाळ नाही, खरा आहे.

सगळे निर्वासित माणूस म्हणून सारखेच. संकटातल्या कुणालाही मदत करण्याचं सर्वसाधारण कर्तव्य सगळ्या देशांवर आहे. ते वाटून घेता येतं, कुवतीप्रमाणे कमीजास्त करता येतं. इथे मात्र एका विशिष्ट देशाने विशिष्ट माणसांचा जीव आपल्या कामासाठी धोक्यात घातला आहे. असं देणं दुसऱ्याच्या नावावर टाकता येत नाही. दुभाषी आधी, हा क्रम गुणवत्तेचा नाही. तो अधिक शूर किंवा अधिक चांगला माणूस आहे म्हणून नाही. त्याच्यावरचा धोका आणि तुमचं कृत्य यांच्यातली दोरी सरळ आहे, म्हणून.

पण ती दोरी फक्त कंत्राटाच्या कागदावरून मोजली की अन्याय होतो. अफगाण न्यायालयांत अडीचशेच्या वर महिला न्यायाधीश होत्या. त्यांना शिकवायला, नेमायला परदेशी सरकारांनी पैसा ओतला, परिषदांत त्यांचे फोटो मिरवले. त्यांनी ज्यांना शिक्षा दिल्या ते कैदी तुरुंग उघडल्यावर बाहेर आले आणि त्यांना शोधू लागले. विशेष व्हिसा त्यांना लागू नव्हता, कारण पगार अफगाण सरकारचा. अफगाण कमांडोंचंही तेच. ब्रिटिश विशेष दलांनी उभ्या केलेल्या आणि बरोबर लढलेल्या 'ट्रिपल्स' नावाच्या अफगाण तुकड्यांतल्या कित्येकांचे अर्ज आधी फेटाळले गेले, आणि आरडाओरडा झाल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये फेरतपासणी जाहीर झाली. पगाराच्या पावतीवर कुणाचा शिक्का होता, हा हिशेबनिसाचा प्रश्न आहे. मी तीन गोष्टी विचारते: या माणसाला तुम्ही पुढे केलंत का? त्या पुढे येण्यामुळे त्याच्यावर डूख धरला गेला का? आणि तुम्ही गेल्यावर त्याला वाचवू शकेल असं तिथे कुणी उरलं आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली की रांग आपोआप ठरते. ती अनंत नसते. ती लांब असते, पण मोजता येते.

कुटुंबाचा प्रश्न मात्र मला अजूनही सुटलेला नाही. व्हिसाच्या नियमांत कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं. सूड घेणाऱ्याच्या लेखी कुटुंब म्हणजे म्हातारा बाप, धाकटा भाऊ, लग्न झालेली बहीण. मी बसवलेल्या विमानांत आईला मागे ठेवून चढलेली माणसं होती. भावाला उचलून नेल्याची बातमी त्यांना नव्या देशातल्या पहिल्या महिन्यात मिळाली. रेषा कुठेतरी ओढावी लागते, हे मला कळतं. पण ती ओढताना धोका कसा पसरतो ते बघून ओढावी. आपल्याकडच्या घरांत किती खोल्या असतात, त्यावरून नको.

सुरक्षेची शंका लोक दबक्या आवाजात विचारतात, ती उघडच घेऊ. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोघा जवानांवर गोळीबार झाला, त्यातली एक तरुणी मरण पावली. आरोपी २०२१ मध्ये आणलेला, पूर्वी सीआयएच्या पाठबळावरच्या तुकडीत काम केलेला अफगाण. त्या कुटुंबाचं दुःख कुठल्याही युक्तिवादाने हलकं होत नाही. त्यानंतर अमेरिकेने सरसकट सगळ्या अफगाणांच्या अर्जांचं काम थांबवलं. छाननी कडक असावी, यावर माझं दुमत नाही. १९५१ च्या करारातच गंभीर गुन्हे केलेल्यांना वगळण्याची तरतूद आहे आणि ती वापरावी. मी स्वतः अशी प्रकरणं पुढे पाठवायला नकार दिला आहे. पण एकाच्या गुन्ह्यासाठी हजारोंचं देणं बुडवणं हा कुठला न्याय? आणि ज्यांची छाननी या कामात सर्वांत जास्त वेळा होते, तेच हे लोक आहेत: नोकरीवर घेताना, दर काही महिन्यांनी तळावर आत सोडताना, आणि पुन्हा व्हिसासाठी.

"शेजारच्या देशात ठेवा आणि खर्च द्या" हा पर्याय ऐकायला शहाणपणाचा वाटतो. जगातले जवळपास तीन-चतुर्थांश निर्वासित आजही कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतच आहेत, म्हणजे शेजाऱ्यांनी त्यांचा वाटा कधीच उचललेला आहे. पाकिस्तानने ऑक्टोबर २०२३ मध्ये कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना निघून जायला सांगितलं आणि तेव्हापासून लाखो अफगाण परत ढकलले गेले. इस्लामाबादच्या भाड्याच्या खोल्यांत जर्मनीच्या, अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघणारेही त्यात सापडले. जर्मनीने ज्यांना लेखी होकार दिला होता अशांनाही २०२५ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानी पोलिसांनी उचलून सीमेवर नेलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा कार्यक्रम स्थगित केला, तेव्हा ज्यांची तिकिटं निघाली होती त्यांचीही उड्डाणं रद्द झाली. शेजारचा देश ही वाट बघण्याची जागा असते. तिथे वाट बघायला लावणारा आपणच असू, तर शेजाऱ्याच्या पोलिसांना दोष देऊन सुटका नाही.

हे फक्त पाश्चात्त्यांचं पाप आहे, असं मात्र समजू नका. भारतीय शांतिसेना श्रीलंकेत १९८७ मध्ये गेली आणि सुमारे १२०० जवान गमावून २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. ईशान्य प्रांतात भारताच्या पाठबळावर ईपीआरएलएफ या एलटीटीईविरोधी तमीळ संघटनेचं प्रांतिक सरकार होतं. माघारीच्या तोंडावर स्थानिक तमीळ तरुणांचं एक दल घाईघाईने उभं केलं गेलं. त्यात कित्येक पोरं जबरदस्तीने भरलेली होती. सैन्य जसजसं मागे सरकलं तसतसं एलटीटीईने त्या दलाचा फडशा पाडला. मुख्यमंत्री वरदराज पेरुमल आणि त्यांचे काही सहकारी भारतात आणले गेले. तमीळनाडूत त्यांना जागा नव्हती, म्हणून शेकडो जणांना दूर ओडिशात मलकानगिरीला ठेवलं. १९ जून १९९० ला संघटनेचे नेते पद्मनाभ आणि त्यांचे साथीदार मद्रासमध्येच एलटीटीईच्या गोळ्यांना बळी पडले. ईपीआरएलएफच्या हातूनही अत्याचार झाले होते आणि ते लपवायचं कारण नाही. पण जबरदस्तीने गणवेश चढवलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांबद्दल आपल्याकडे कधी संसदेत हिशेब मागितला गेला का? गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपल्याच भाषेतली आहे.

आता राहिलं ते पोचल्यानंतरचं. २०२१ मध्ये अमेरिकेत नेलेल्या सत्तर हजारांहून जास्त अफगाणांपैकी बहुतेकांना निर्वासिताचा दर्जा मिळालाच नाही. त्यांना दोन वर्षांचा तात्पुरता परवाना मिळाला. त्यांना कायम राहू देणारं विधेयक २०२२ मध्ये मांडलं गेलं. ते काँग्रेसने मंजूर केलं नाही. मधल्या काळात तात्पुरत्या संरक्षणाचा आधार होता, तोही जुलै २०२५ मध्ये काढून घेतला. माणूस विमानातून उतरला, पोरं शाळेत गेली, आणि तरीही पाच वर्षांनी तो कुठलाच नाही. पुनर्वसन या शब्दात 'वसणं' आहे. परवान्याच्या तारखेकडे बघत जगणारा माणूस वसत नाही.

आणि हे जमत नाही, असंही नाही. एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडलं तेव्हा अमेरिकेत जनमत निर्वासितांच्या विरोधात होतं, मंदी होती, युद्धाचा सगळ्यांना वीट आला होता. तरी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी हट्ट धरला, २३ मे ला पुनर्वसनाचा कायदा झाला, सुमारे १ लाख ३० हजार लोक चार लष्करी तळांवरून देशभर वसवले गेले आणि डिसेंबरमध्ये शेवटचा तळही रिकामा झाला. जे मागे राहून तुरुंगछावण्यांत सडले, त्यांच्यासाठी १९८९ मध्ये वेगळा कार्यक्रम सुरू झाला: तीन वर्षं किंवा जास्त काळ कैदेत काढलेल्या दक्षिण व्हिएतनामी अधिकाऱ्याला आणि त्याच्या कुटुंबाला अमेरिकेत येता येई. पराभवाला चौदा वर्षं झाल्यावर, तीन राष्ट्राध्यक्ष बदलल्यावरही देणं जिवंत धरलं गेलं होतं.

तुम्ही शेवटी विचारलं आहे, की हे किती वर्षं चालायचं. लाओसच्या डोंगरांत सीआयएसाठी लढलेल्या ह्मोंग लोकांची गोष्ट सांगते. मे १९७५ मध्ये लाँग तिएंगच्या धावपट्टीवरून विमानांनी अडीच हजारांच्या आसपास लोक निघू शकले. बाकीचे जंगलातून चालत, मेकाँग पोहून थायलंडच्या छावण्यांत गेले. नंतरच्या वर्षांत त्यातले पुष्कळजण अमेरिकेत आले. त्यांच्या भाषेला लिपीच मुळात उशिरा मिळाली होती, त्यामुळे साठीच्या म्हाताऱ्याला इंग्रजीची परीक्षा देऊन नागरिक होणं अशक्य होतं. तो अमेरिकेसाठी लढला होता आणि अमेरिकेत परकाच राहिला. २००० साली त्यांच्यासाठी खास कायदा झाला. इंग्रजीची अट काढली गेली आणि पंचवीस वर्षांनंतर ते म्हातारे नागरिकत्वाच्या मुलाखतीला बसले. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्यासाठी एक दुभाषी होता.